प्लाय, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिकला राउटरने तिरपी कड काढायची तर – पडवीतल्या वर्कशॉपसाठी

गणपती जवळ आले की आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे घरोघरी मखराचं काम निघतं, कोणाला अष्टकोनी पीठ करायचं असतं, कोणाला होमस्टेच्या पाटीची कड नीट तिरपी हवी असते, आणि हल्ली छोटे ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारे राउटर, सहज मिळायला लागल्यापासून मिस्त्रीची वाट न बघता पडवीत नाहीतर मांगरात स्वतःच काम करणारे पुष्कळ झालेत. मला हे फार आवडतं, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय. ट्रिमर हातात मावतो, हलका वाटतो, पण त्याचं बीट मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे मारतं आणि ड्रिलच्या बीटासारखं एका जागी न फिरता आडवं चालतं, त्यामुळे ते कुठे अडलं की झटका सरळ मनगटावर येतो.

त्यात शीटचं काम फळीपेक्षा वेगळं. फळी जाड असते, वजनाने बसून राहते. शीट मोठी, पातळ, मधे लवते आणि कडेला थरथरते, आणि थरथरणारी कड बीटासमोर आली की बीट सलग कापायच्या ऐवजी मधेमधे चावे घेतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की शीट अजिबात हलता कामा नये आणि बीटच्या बेअरिंगला, म्हणजे बीटच्या टोकाला असलेल्या आणि कडेवर टेकून चालणाऱ्या छोट्या चाकाला, शेवटपर्यंत टेकायला पक्की जागा हवी. गॉगल, मास्क लागतातच, पुढे सांगतोच, पण ते गडबड झाल्यावर उपयोगी पडतात, ही दोन कामं मात्र स्विच दाबायच्या आधीच करून ठेवायची असतात.

आधी शीट ओळखा

प्लायवर आयएस ३०३ लिहिलेलं असेल तर तो नेहमीच्या घरकामाचा, आयएस ७१० म्हणजे मरीन. आपल्याकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस बघता मरीन घेणं बरोबरच आहे, पण मरीनमधला फिनॉलिक गोंद कडक असतो, साध्या स्टीलचं बीट त्यावर लवकर बोथट होतं. बोथट बीट कापत नाही, घासतं, कड काळी पडते, धूर येतो, मग माणूस आपोआप जास्त रेटतो आणि रेटलेला हात कधी सुटेल सांगता येत नाही. म्हणून प्लाय आणि एमडीएफला कार्बाईड टिपचंच बीट घ्या, तिथे काटकसर नको.

आता प्लायची कड उजेडात धरून बघा. हलक्या प्लायमधे आतल्या थरांत गॅप असतात, कडेला काळी भोकं दिसतात. नुसतं दिसायला वाईट म्हणून सांगत नाहीये. बीटचं बेअरिंग ह्याच कडेवर टेकून चालणार आहे, वाटेत लांबट गॅप आली की बेअरिंग आत बसतं, त्याच्या मागोमाग बीट आत घुसतं आणि एकदम जास्त लाकूड तोंडात घेतं. बारीक गॅप असेल तर चाळलेला भुसा आणि फेविकॉल कालवून दाबून भरा, मोठी असेल तर इपॉक्सी पुट्टी, आणि पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात एका रात्रीत वाळेलच असं धरून चालू नका, नखाने दाबून बघा. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून कड सपाट करा. कडेत खिळा, स्टेपल किंवा तुटलेला स्क्रू नाही ना तेही बघायचं, जुन्या मखराचा प्लाय परत वापरताना तर हमखास, लोहचुंबक फिरवला की कळतं.

एमडीएफला गॅप नसते, कड सरळ कापली जाते, फक्त भुसा पिठासारखा बारीक उडतो, त्याबद्दल पुढे.

आणि दोन शीटना राउटर लावूच नका. एक, सिमेंट फायबर बोर्ड, त्याच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. दुसरं, गोठ्यावरचे, पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. "कड थोडी घासून घेतो" म्हणूनसुद्धा त्यांना कुठलंही पॉवर टूल लावायचं नाही.

बीट आणि कोलेट

कोलेट म्हणजे बीटचा दांडा धरणारी मशीनची पकड. आपल्या बाजारात ट्रिमर ६ एमएम कोलेटचे पण मिळतात आणि पाव इंची म्हणजे ६.३५ एमएमचे पण, आणि बीटं दोन्ही मापांची एकाच दुकानात एकाच डब्यात असतात. ६.३५ चं बीट ६ च्या कोलेटमधे जाणारच नाही, तिथे प्रश्न मिटला. उलटं मात्र होतं. ६ चं बीट ६.३५ च्या कोलेटमधे जातं, पाना मारला की धरल्यासारखं पण वाटतं, आणि लोड आला की घसरत खाली येतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, व्हर्नियर लावून दांडा मोजा.

बीट बसवताना प्लग बोर्डातून काढलेला पाहिजे. बोर्डाचं बटण बंद केलं तेवढ्यावर भागवू नका, प्लग डोळ्यासमोर बाहेर दिसायला हवा. बीट कोलेटमधे तळापर्यंत घाला आणि मग २-३ एमएम वर उचला, कारण तळाला टेकलेलं बीट कोलेट आवळताना नीट धरलं जात नाही. दांड्याची कमीत कमी २० एमएम लांबी आत हवी. चॅम्फर, म्हणजे तिरपी कड, थोडा खोल हवाय म्हणून बीट बाहेर खेचून काम भागवायचं नाही. दांडा आणि कोलेटची आतली बाजू कोरडी पुसून घ्या, तेल राहिलं तर घसरतं. आणि बीट नसताना कोलेटचं नट आवळून ठेवू नका, कोलेट पिचतो.

मग बेअरिंग बोटाने फिरवा. मोकळं, आवाज न करता फिरलं पाहिजे. समुद्राजवळ राहणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, खाऱ्या हवेत बेअरिंग गंजतं, आणि जाम झालेलं बेअरिंग बीटच्याच वेगाने कडेवर गरगरतं, कड जाळतं आणि चर पाडतं. जाम असेल तर फेकून नवीन घाला, फार महाग नसतं. त्याचा छोटा स्क्रू पण आवळलेला आहे ना बघा.

बेअरिंग चालणार कशावर

इथे जरा थांबून विचार करा. चॅम्फर बीटला पातं वर आणि बेअरिंग खाली असतं. पातं शीटचा वरचा कोपरा तिरपा कापतं आणि बेअरिंग खालच्या उरलेल्या सरळ कडेवर टेकून चालतं. १८ एमएमच्या प्लायला ५-६ एमएमचा चॅम्फर मारला तर खाली १२ एमएम सरळ कड उरते, काही प्रश्न नाही. पण ६ एमएमच्या शीटला ५ एमएमचा चॅम्फर मारायला गेलात तर बेअरिंगला टेकायला १ एमएम उरला, पुढच्या क्षणी ते घसरून आत जाणार आणि बीट शीटमधे खोल घुसणार. निदान ३ एमएम सरळ कड बेअरिंगला टेकायला राहिलीच पाहिजे असा नियम मी पाळतो.

पातळ शीटला टेबलाबाहेर काढून कापलं तर ती लवते, टेबलाच्या काठाशी लावली तर बेअरिंगचा स्क्रू टेबलाला आपटतो. दोन्हीवर उपाय एकच, खाली फर्मा लावायचा. १२ किंवा १८ एमएमच्या एमडीएफची एक सरळ पट्टी घ्या, शीटच्या कडेएवढी लांब किंवा थोडी जास्तच, तिची एक कड अगदी सरळ आणि गुळगुळीत करून घ्या. शीट त्या पट्टीवर ठेवा, दोघांच्या कडा बोटाने चाचपून एका रेषेत आणा आणि दोघांना एकत्र क्लॅम्प करा. पट्टीची कड टेबलाच्या बाहेर दोन-तीन बोटं काढा. आता बेअरिंग शीटवर न चालता खालच्या पट्टीवर चालेल, शीट पूर्ण लांबीभर आधारावर असल्यामुळे थरथरणार नाही, आणि वरच्या प्लायमधे गॅप असली तरी बेअरिंगला तिचा पत्ता लागणार नाही. पट्टी एकदा केली की वर्षानुवर्षं चालते, फक्त ओल लागू देऊ नका.

मखराच्या अष्टकोनासाठी तर हा फर्मा लागतोच. कोनाचा हिशोब सोपा आहे, १८० ला बाजूंच्या संख्येने भागायचं, चौकोनाला ४५, षट्कोनाला ३०, अष्टकोनाला २२.५ अंश. जोडायच्या कडा पूर्ण जाडीभर तिरप्या लागतात, म्हणजे शीटची सरळ कड शिल्लकच राहत नाही आणि बेअरिंगला फर्म्याशिवाय दुसरा आधार नाही. २२.५ च्या बीटने १२ एमएम प्लायची पूर्ण कड तिरपी केली की वरची बाजू जवळजवळ ५ एमएम मागे येते, माप घेताना ते धरा. आणि बीटवर लिहिलेला कोन नेमका कुठून मोजलाय ते दरवेळी सारखं नसतं, त्यामुळे आधी दोन फालतू तुकडे कापून जोडून बघा, अष्टकोनाचा आतला कोन १३५ आला पाहिजे.

क्लॅम्प वाटेत येतात ही नेहमीची तक्रार. शक्य असेल तर शीट आणि फर्मा मधे चांगल्या दुहेरी चिकटपट्टीने जोडा आणि क्लॅम्प कडेपासून लांब, आतल्या बाजूला लावा. नाहीतर अर्धी कड मारा, मशीन बंद करा, बीट पूर्ण थांबू द्या, क्लॅम्प हलवा आणि दोन-तीन बोटं मागून परत सुरू करा. पायाने दाबून, गुडघा ठेवून किंवा घरातल्या कोणाला "जरा धर रे" सांगून शीट धरायची नाही. कमीत कमी दोन क्लॅम्प लावा, एका क्लॅम्पवर शीट गोल फिरते.

आठ बाय चारची पूर्ण शीट असेल तर दोन स्टुलांवर टाकू नका, मधे झोळ पडतो. घर शाकारताना उरलेल्या सरळ रिपा असतील तर टेबलावर किंवा सपाट ओट्यावर चार-पाच रिपा समांतर टाका, त्यावर शीट.

किती खोल, किती वेळा

ट्रिमरवर पूर्ण चॅम्फर एका फेरीत मारायचा मोह होतो कारण बीट तेवढं मोठं असतं. ६ एमएमचा दांडा आहे, तो वाकतो, आणि मोटर पण छोटी. फेऱ्या करा, पण फेऱ्यांचा हिशोब सरळ भागाकाराचा नाही. ४५ अंशात कापलेला भाग त्रिकोणी असतो, खोली दुप्पट केली की निघणारं लाकूड चौपट होतं. म्हणजे ६ एमएमचा चॅम्फर ३ आणि ३ अशा दोन फेऱ्यांत मारलात तर दुसरी फेरी पहिलीच्या तिप्पट लाकूड काढते. लोकांना वाटतं पहिली फेरी मस्त गेली, दुसरी पण तशीच जाईल, आणि नेमकी दुसऱ्या फेरीला मशीन उडी मारतं. त्यापेक्षा पहिली ३.५, दुसरी ५, तिसरी ६ एमएमवर, अशा तीन फेऱ्या ठेवा, तिन्हींना जवळपास सारखंच काम पडतं. कडक मरीन प्लायला अजून एक फेरी वाढवा आणि शेवटी अर्धा एमएम ठेवून हलकी फेरी मारा, पॉलिश पेपरचं काम निम्मं होतं.

दिशा

हे पाठ करा. हातात धरलेल्या राउटरचं बीट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. शीटच्या बाहेरच्या कडा मारताना राउटर घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा, म्हणजे शीट तुमच्या समोर आहे आणि जवळची कड मारताय तर डावीकडून उजवीकडे. आत कापलेल्या खिडकीच्या, भोकाच्या कडा मारताना घड्याळाच्या दिशेने. गोंधळ होत असेल तर उजवा हात पालथा करा, अंगठा लाकडाच्या कडेकडे करा, तर्जनी जिकडे दाखवेल तिकडे राउटर न्यायचा. हे बाहेर पण लागू, आत पण लागू.

असं का, तर ह्या दिशेने गेलात की बीट तुम्हाला विरोध करतं, थोडा जोर लावावा लागतो आणि तोच ताबा असतो. उलट दिशेने नेलात तर बीट चाकासारखं कडेवर धावायला बघतं आणि राउटर हातातून पुढे पळतो. काही जुने मिस्त्री ढलपी निघू नये म्हणून मुद्दाम उलट्या दिशेने अगदी हलकी फेरी मारतात. त्यांचा हात बसलेला असतो. घरी करणाऱ्याने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ढलपीवर दुसरे उपाय आहेत.

ते उपाय असे. आधी ज्या कडा वरच्या थराच्या रेषांना आडव्या आहेत त्या मारा, मग रेषांच्या बाजूने जाणाऱ्या, म्हणजे आडव्या कडेच्या टोकाला ढलपी निघालीच तर नंतरच्या फेरीत साफ होते. कडेच्या शेवटी शीटला लागून त्याच जाडीचा एक ठोकळा क्लॅम्प करा, बीट शीटमधून निघून ठोकळ्यात जाईल, कोपरा फुटणार नाही आणि बेअरिंग कोपऱ्यावरून वळणार पण नाही. व्हिनिअर किंवा सनमायका असेल तर रेषेवर कटरने हलका काप देऊन मास्किंग टेप लावा.

लाईट, पाऊस, वारा

आपल्याकडे लाईट जाणं नवीन नाही, आणि ट्रिमरचं स्विच सरकवून अडकवायचं असतं, बोट काढलं तरी चालूच राहतं. कड मारता मारता लाईट गेली, मशीन थांबलं, माणूस ते तसंच शीटवर आडवं ठेवून पंखा बंद पडला म्हणून बाहेर वाऱ्याला बसतो, दहा मिनिटांनी लाईट येते आणि मशीन आपोआप सुरू होऊन टेबलावर नाचायला लागतं. म्हणून लाईट गेली की पहिलं काम स्विच बंद, दुसरं प्लग बाहेर, मग बाकी सगळं. घरात पोरं असतील तर हे त्यांना पण सांगून ठेवा.

व्होल्टेज खाली गेलं की आवाजावरून कळतं, मोटर रडते. त्यावेळी जास्त रेटू नका, काम थांबवा. ट्रिमर पाच-सातशे वॅटचा असतो, साध्या बोर्डावर चालतो, पण १६००-२२०० वॅटचा मोठा राउटर ७ ते साडेनऊ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉईंटच हवा. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर तापते. वर्कशॉपच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारं स्विच, बसवून घ्या, पावसाळ्यात लादी ओलसर, पाय ओले, हवा दमट, तिथे तेच जीव वाचवतं. खळ्यात, अंगणात उघड्यावर काम करत असाल आणि आभाळ भरून आलं तर "एवढी एक कड" म्हणून काम चालू ठेवू नका. वायर खांद्यावरून मागे टाका, बीटच्या वाटेत लोंबू देऊ नका.

वाऱ्याचा फायदा घ्या. दुपारी वारा समुद्राकडून येतो, तर टेबल असं लावा की वारा तुमच्या पाठीकडून येऊन भुसा पुढे बाहेर जाईल. आणि पुढे कोणी सोलं, सांडगे, सुकी मासळी वाळत घातली नाही ना ते आधी बघा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मधे पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारी म्हणून टाकलंय, आणि एमडीएफच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइड पण नंतर त्याच गटात गेलं. एक-दोन कडांनी काही होणार नाही म्हणून रुमाल बांधून भागवू नका, रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. एन९५ किंवा एफएफपी२ मास्क घाला, नाकाची पट्टी दाबून बसवा. एमडीएफ बंद खोलीत मारायचा नाही आणि काम झाल्यावर केरसुणीने झाडून धूळ परत उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसा किंवा व्हॅक्युम असेल तर लावा.

अंगावर काय

बाजूने बंद असलेला गॉगल, नुसता चष्मा पुरत नाही, सनमायकाचे कपचे काचेसारखे टोकदार उडतात. कानाला इयरमफ किंवा निदान इयरप्लग, ट्रिमरचा आवाज किनरा असतो आणि कानाचं नुकसान तेव्हा जाणवत नाही. हातमोजे नकोत. फिरणाऱ्या बीटात कापड अडकलं की ते हाताला सोबत ओढतं. त्याच कारणाने मनगटावरचा दोरा, राखी, कडं, गळ्यातली माळ, मंगळसूत्र, ओढणी, लोंबणाऱ्या बाह्या, सगळं काढून किंवा आत खोचून ठेवा, केस बांधा. दोरा काढायला मन तयार होत नसेल तर घट्ट बाहीच्या आत सारून टेप लावा. पायात बंद बूट असावेत, लुंगी नको.

घरातल्यांशी आधीच ठरवून घ्या की मशीन चालू असताना कोणी मागून येऊन खांद्याला हात लावायचा नाही. कानात इयरमफ असतात, हाक ऐकू येत नाही आणि स्पर्शाने माणूस दचकतो. समोर येऊन उभं राहायचं, फेरी संपेपर्यंत वाट बघायची.

प्रत्यक्ष कड मारताना

मशीन बंद ठेवून तेच एकदा पूर्ण कडेवरून फिरवत न्या. वायर अडते का, क्लॅम्पला बेस आपटतो का, शेवटी पाय कुठे असतील, सगळं कळतं. मग फालतू तुकड्यावर एक फेरी.

ट्रिमरचा बेस शीटवर सपाट ठेवा, बीट कडेपासून लांब, मग चालू करा. पूर्ण वेग घेतला की हळूच आत या आणि बेअरिंग टेकवा. सुरुवात नेमक्या कोपऱ्यावर करू नका, एक बोट आत करा आणि ते उरलेलं टोक शेवटी, त्याच दिशेने, ठोकळा लावून घ्या. कडेवर बेसचा जेमतेम अर्धा भाग शीटवर असतो, बाकी हवेत, म्हणून तो बाहेर कलंडायला बघतो, आणि कलंडला की चॅम्फरमधे खड्डा. आतल्या बाजूच्या हाताने बेस खाली दाबायचा, बाहेरच्या हाताने फक्त पुढे न्यायचं. लांब कडा वारंवार मारायच्या असतील तर ६ एमएम अ‍ॅक्रिलिकचा एका बाजूला लांब असा बेस कापून ट्रिमरला लावा आणि लांब टोकाला मूठ बसवा, फरक लगेच कळतो.

वेग आवाजावरून ठरवा. एकसारखा गुणगुणता आवाज आणि बारीक सालपटं म्हणजे बरोबर. पूड पडतेय, वास येतोय म्हणजे फार हळू जाताय किंवा बीट बोथट. आवाज खाली बसतोय म्हणजे घाई किंवा खोली जास्त. फेरी संपली की कडेपासून बाहेर या, स्विच बंद करा आणि बीट पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही हातात धरून थांबा. ट्रिमरला सहसा ब्रेक नसतो, बंद केल्यावरही बीट काही सेकंद फिरत राहतं आणि तेव्हाच ते मांडीवर नाहीतर वायरवर टेकतं.

लहान तुकडे, समजा तळहाताएवढ्या नावाच्या पाट्या, हातात धरून कधीच मारायचे नाहीत. मोठ्या शीटवर असतानाच कड मारा, नंतर कापून सुटे करा.

राउटर टेबल असेल तर बीट उलटं बसतं, म्हणून दिशा बदलते, मागे फेन्स, म्हणजे शीट टेकवून सरकवायची सरळ आडवी पट्टी, असेल तर शीट उजवीकडून डावीकडे सरकवायची. शीट कधीही फेन्स आणि बीटच्या मधल्या फटीतून न्यायची नाही, ती सुटून गोळीसारखी निघते. वाकड्या कडा फेन्सशिवाय मारताना सुरुवातीला शीट टेकवायची पिन टेबलावर बीटजवळ लावलेली हवी, आणि ढकलायला पुश ब्लॉक. मोठ्या व्यासाची बीटं टेबलावरच आणि कमी वेगात चालवा, ५० एमएमच्या वरच्या बीटला १६ हजारांच्या पुढे जायचं नाही, ट्रिमरला तर ती लावायचीच नाहीत.

अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी

अ‍ॅक्रिलिक तापलं की वितळतं आणि बीटला चिकटतं. वेग कमी करता येत असेल तर १६-१८ हजारांवर आणा, येत नसेल तर खोली अगदी कमी ठेवा आणि न थांबता चालत राहा, एका जागी रेंगाळलात की कड वितळलीच. वरची फिल्म काढू नका. क्लॅम्पखाली लाकडाचे तुकडे घाला आणि माफक आवळा. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली, शीट एक्स्ट्रुडेड म्हणजे दाबून काढलेल्या शीटपेक्षा छान कापली जाते, दुकानात विचारून घ्या. नंतर पुसायला थिनर किंवा स्पिरिट वापरू नका, कडेला बारीक तडे जातात, साबणाचं पाणी पुरे.

पीव्हीसी फोम बोर्ड आपल्याकडे वाळवी आणि ओलीमुळे खूप चालतो, राउटरला तो सोपा आहे. फक्त धूर येऊ देऊ नका, तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, तो नाका-घशाला झोंबतो आणि अवजारं पण गंजवतो. तिखट वास आला की थांबा, बीट तपासा, हवा येऊ द्या.

काम झाल्यावर

चॅम्फर मारला म्हणजे प्लायचे थर आणि एमडीएफचं पोट उघडं पडलं. पावसाळ्यात ते उघडं राहिलं तर एमडीएफची कड दोन दिवसांत फुगते, म्हणून त्याच दिवशी हलका पॉलिश पेपर मारून सीलर किंवा प्रायमरचे दोन हात द्या, पहिला कड पिऊन टाकते. मरीन प्लायला पण द्या.

बीटवर चढलेला गोंद रॉकेलने सुटतो, पण आधी बेअरिंग काढून ठेवा, रॉकेल त्यातलं ग्रीस धुऊन टाकतं. बीट पुसून, कोरडं करून, पात्यांवर तेलाचा पुसट हात फिरवून सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा, पाती एकमेकांवर आपटणार नाहीत अशी, कार्बाईडचा टवका उडतो. कोलेट मशीनमधून काढून आतला भुसा ब्रशने साफ करा आणि जूनच्या आधी एकदा नीट निरखा, आत गंजाचे ठिपके किंवा दांड्यावर घासल्याच्या गोल रेषा दिसल्या तर तो कोलेट बदला, घासून परत वापरू नका.